बंद पाकीट

"वनमालाताई, शिबिराची लिंक म्हणालात, पण यात अख्ख्या महिन्याचे रिपोर्ट दिसतायत हो," सोसायटीच्या सेक्रेटरी सुनंदा कर्णिक फोनवर म्हणाल्या. "मी तर सकाळीच बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकली."

वनमालाने स्वतः ती लिंक उघडून पाहिली. भांडुपच्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर तिची सव्वीस वर्षं गेली होती. रिपोर्ट मजकूर आत येईल असा दुमडायचा, पाकिटाला दोन पिना मारायच्या आणि ज्याचा त्याच्याच हातात द्यायचा. नवऱ्याचा बायकोलासुद्धा नाही. लोक वैतागायचे, ही ढिम्म हलायची नाही. आता रिपोर्ट क्लाउडवर गेले होते. सोसायटीत रविवारी झालेल्या रक्ततपासणी शिबिराचं फोल्डर पाठवायच्या ऐवजी तिने महिन्याचं पाठवलं होतं, आणि लिंक मिळेल त्याला ते उघडत होतं.

त्यात दर्शनाचा रिपोर्ट होता. दर्शना सुनंदांच्याच बिल्डिंगमध्ये एकटी राहायची, मुलांच्या शिकवण्या घ्यायची. तिला आठ वर्षांपासून एचआयव्ही होता. औषधांवर ती ठणठणीत होती आणि बिल्डिंगमध्ये कुणाला याचा पत्ता नव्हता.

वनमालाने लिंक बंद केली. सकाळी दहा ते दुपारी चार ती उघडी होती. कुणी काय पाहिलं, हे कळायला मार्ग नव्हता.

लॅबचे मालक डॉक्टर विद्याधर यांनी ऐकून घेतलं आणि केबिनचं दार लोटलं. लिंक बंद झाली ना, मग उगाच बोभाटा नको, झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ते म्हणाले. दर्शनाला सांगायला जाणार असाल तर उद्या कामावर येऊ नका, हेही हळूच म्हणाले. वनमालाला भयंकर राग आला. मूठ दर्शनाची होती आणि उघडली होती हिने. तिने पर्स उचलली.

रविवारी शिबिराला आली तेव्हा तिने दर्शनाच्या दारात चिमुकल्या चपलांचा ढीग पाहिला होता. आज तिथे एकच जोड होता, दर्शनाचा.

"ताई, तुम्ही?" दर्शनाने दार उघडलं. "आज सगळ्यांच्या आयांचे मेसेज आले. मुलांना बरं नाही म्हणे. आठही जणांना?"

जिन्यात जुळवलेली वाक्यं वनमाला विसरली. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "तुझा रिपोर्ट माझ्या हातून बिल्डिंगभर उघडा पडला."

दर्शना चौकट धरून उभी राहिली. समोरचं दार किलकिलं झालं आणि मिटलं. ते दोघींनीही पाहिलं. आता हेही दार तोंडावर आपटणार, असं वनमालाला वाटलं.

"आत या," दर्शना म्हणाली. "चप्पल बाहेरच काढा. दिसू दे त्यांना, कुणीतरी आलंय माझ्याकडे."

वनमालाने आपली झिजलेली चप्पल दर्शनाच्या चपलेशेजारी काढली आणि ती आत गेली.