बेगमबीची बोथट सलाई

मी एक जुनी पितळी सलाई आहे. तुमच्या करंगळीहून थोडी लांब, मधे बारीक आणि दोन्ही टोकांना गोल. मित्रांनो, ज्यांच्या घरी सुरमेदाणी आहे ते मला लगेच ओळखतील. बाकीच्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की सुरमा नावाची काळी पूड डोळ्यांत घालायला जी काडी लागते ती मी. पुष्कळ लोक मला लांबून बघून सुई समजतात, आणि मला त्याचा फार राग यायचा. सुईला नोक असते. मला ती ठेवलीच नाही, आणि का ठेवली नाही ते आधी सांगते.

जळकोटच्या आठवडी बाजारात दस्तगीर नावाचे कल्हईवाले भट्टी लावून बसत. नवं लग्न झालं तेव्हा त्यांनी आपल्या बेगमबीसाठी मला घडवलं. एका मोडक्या पितळी पळीचा दांडा घेतला, तासला, घासला, चिंच आणि राख लावून उजळला. माझं टोक गुळगुळीत झालं की नाही हे त्यांना बोटांनी कळेना, कारण भट्टीपाशी काम करून बोटं राठ झालेली. म्हणून ते मला ओठांवरून फिरवून बघत, मान हलवत आणि पुन्हा घासायला बसत. बेगमबीनं पदर तोंडाला लावून विचारलं, सलाई घडवताय की चाखताय?

"डोळ्यात जायची चीज हाय," दस्तगीर म्हणाले. "जराशी नोक राहिली तर समदी मेहनत पाण्यात."

त्यानंतर कितीतरी वर्षं मी थाटात काढली. शुक्रवारी घरच्यांच्या डोळ्यांत आणि ईदला साऱ्या गल्लीच्या पोरांच्या डोळ्यांत. बेगमबीचा कायदा कडक होता. आधी सुरमा, मग शिरखुर्मा. पोरं तिच्यासमोर येत, हनुवटी वर करत, छताकडे बघत आणि पापणी हलू नये म्हणून श्वास रोखून धरत. समोरच्या किराणा दुकानातल्या मल्लम्माचा मुलगा बसवंतही ईदला हजर. त्याच्या घरी देवघरात शिवलिंग, गळ्यातही शिवलिंग, पण शिरखुर्म्यावर त्याचा जीव होता. वाटी लवकर मिळावी म्हणून तो दारापासूनच हनुवटी वर करून आत यायचा. एका ईदला असाच वर बघत आला आणि पाण्याच्या रांजणावर आदळला. रांजण वाचला, बसवंतच्या कपाळाला टेंगूळ आलं, आणि त्याला शिरखुर्म्याच्या दोन वाट्या मिळाल्या.

मग दिवस पालटले. दस्तगीर अल्लाघरी गेले. मुलं मोठी झाली, त्यांना मुलं झाली. बेगमबीची नात जेबा एक दिवस डोळ्यांच्या डॉक्टरांकडून ऐकून आली, की लहान मुलांच्या डोळ्यांत सुरमा घालू नये, त्यात शिसं असू शकतं. बेगमबी आधी फणफणली. तुझ्या अब्बाचे डोळे काय फुटले का, असं तिनं विचारलं. पण नातवंडांच्या डोळ्यांचा प्रश्न म्हटल्यावर तिनं सुरमा टाकून दिला, मला घासून पुसून बटणांच्या डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं. डॉक्टरांचं म्हणणं बरोबर होतं हे मला कबूल आहे. पण बेकार बसायला कोणाला आवडतं? बटणांशी बोलायचं तरी काय? त्यांचं सगळं लक्ष सदऱ्याकडे.

इकडे जेबा ॲक्युपंक्चर शिकून आली. केसासारख्या बारीक सुया अंगावर ठरावीक जागी टोचून दुखणं हलकं करायचं, असा तो उपचार. घराच्या पुढच्या खोलीत तिनं दवाखाना थाटला. कंबरदुखीवाले, मानदुखीवाले येऊ लागले. गावात एकच माणूस तिच्याकडून सुई टोचून घ्यायला तयार नव्हतं, आणि ती म्हणजे तिची दादी. बेगमबीचे गुडघे इतके दुखायचे की नमाज खुर्चीवर बसून चालायची. पण सुईचं नाव काढलं की ती म्हणायची, बेटा, आज नको, आज बुधवार हाय. गुरुवारी ती तेच गुरुवारबद्दल म्हणायची.

मुलांसाठी मात्र जेबाला सुया वापरायच्याच नव्हत्या. जपानात लहान मुलांना न टोचता, नुसतं हलकं घासून आणि थोपटून उपचार करायची जुनी रीत आहे, ती तिला शिकवलेली होती. त्यासाठी गुळगुळीत, बोथट असं काहीतरी हातात हवं होतं. तिनं चमच्याची पाठ वापरून बघितली. पण चमचा दिसला की पोरं दात घट्ट मिटून घ्यायची, कारण चमच्यातून औषध येतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी हे सारं डब्यातून ऐकत होते आणि चरफडत होते.

अशात मल्लम्मानं आपल्या नातवाला, म्हणजे बसवंतच्या मुलाला, दवाखान्यात आणलं. त्याचं नाव शिवांश. पहिलीत जायच्या वयाचा. हिवाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला होता, आणि लातूरच्या इस्पितळात डॉक्टरांनी त्याला मरणाच्या दारातून परत आणलं. पण त्याची शीर सापडत नव्हती. चौघांनी धरून त्याच्या मनगटात पुन्हा पुन्हा सुई घालावी लागली होती. पोरगं बरं होऊन घरी आलं, आणि कोणालाही अंगाला हात लावू देईना. दुधानं तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं त्याचं झालं. कंगवा दिसला तरी तो पलंगाखाली जाई. झोपेत दचके, आणि दिवसा पेंगत बसे. त्यात मल्लम्मा त्याला जेवताना म्हणायची, खा, न्हाई तर सुईवाल्याला बोलावते. तिच्या मनात माया होती, पण पोराच्या घशाखाली घास उतरेना. लातूरचे डॉक्टर म्हणाले होते की छाती आता साफ आहे, भीतीला मात्र वेळ लागेल, जबरदस्ती करू नका. शाळा उघडायला थोडेच दिवस उरले होते, आणि शिवांश उंबऱ्याबाहेर पडायला तयार नव्हता.

बसवंत त्याला उचलूनच घेऊन आला होता. आता बसवंतला मोठ्या मिशा होत्या आणि पोटही सुटलं होतं. जेबानं सुयांचा डबा आधीच आतल्या खोलीत ठेवला आणि आपले रिकामे हात शिवांशला दाखवले. तो दाराच्या चौकटीला धरून बसला. जेबानं चमचा काढला. शिवांशनं तोंड मिटलं. जेबानं चमचा परत ठेवला आणि हताश होऊन दादीकडे बघितलं. बेगमबी कोपऱ्यात बसून सदऱ्याला बटण लावत होती, आणि बटणांचा डबा उघडा होता. मित्रांनो, मी त्या क्षणी जितकी चमकता येईल तितकी चमकले.

जेबाची नजर पडली. तिनं मला उचललं, गरम पाण्यात साबणानं धुतलं, पुसलं आणि आधी स्वतःच्या पापणीवरून फिरवून बघितलं. कुठेही नोक लागली नाही. दस्तगीरांची आठवण येऊन मला भरून आलं.

तेवढ्यात बसवंतनं मला जेबाच्या हातात बघितलं, आणि त्या मिशाळ दुकानदारानं काही विचार न करता हनुवटी वर केली, डोळे विस्फारले, छताकडे बघितलं आणि श्वास रोखून धरला.

"बसवंता," बेगमबी म्हणाली, "आज ईद न्हाई रे."

बसवंत कानापर्यंत लाल झाला. मल्लम्मा हसायला लागली, जेबा हसायला लागली, आणि चौकटीपाशी कोणीतरी खुदकन हसलं. तो शिवांश होता. हिवाळ्यापासून त्याचं हसू कोणी ऐकलं नव्हतं. मल्लम्मा हसता हसता डोळे पुसू लागली.

शिवांश चौकट सोडून दोन पावलं पुढे आला आणि म्हणाला, अप्पाला आधी कर. मग अप्पाला आधी केलं. जेबानं मला मुठीत धरून ऊब दिली आणि बसवंतच्या मानेवरून खाली फिरवलं. टोचतंय का, असं पोरानं विचारलं. बसवंत म्हणाला, टोचत न्हाई रे, गुदगुल्या होऊन राहिल्यात. मग जेबा शिवांशसमोर जमिनीवर बसली.

"लावू का?" तिनं विचारलं.

शिवांशनं बराच विचार केला आणि एक बोट पुढे केलं. त्या दिवशी मी फक्त एका बोटावरून फिरले. जेबानं दुसरं बोट मागितलं नाही. मोठ्यांना अर्धा तास झोपवून ठेवायचं, पण मुलांचं पोळी फुगेपर्यंतच करायचं, असं ती म्हणायची. पोरानं बस म्हणायच्या आत थांबायचं आणि रोज नव्यानं विचारायचं, हा तिचा नेम.

दुसऱ्या वेळी तळहात मिळाला. मग दंड. मग एका दुपारी शिवांश बापाच्या मांडीवर बसला आणि त्यानं स्वतःच सदरा वर करून पाठ दिली. मी वरून खाली, वरून खाली फिरत राहिले. थोड्या वेळानं जेबा थांबली, कारण पोरगं झोपलं होतं. गाढ, तोंड उघडं टाकून. बसवंतच्या पायाला मुंग्या आल्या, दुकानासमोर गिऱ्हाइकं हाका मारू लागली, पण तो जागचा हलला नाही. ती दुपार आठवली की आजही मला आनंद आवरत नाही.

मी एकटीनं त्याला बरं केलं असं मी म्हणणार नाही. लातूरच्या डॉक्टरांचं औषध होतं, बापाची मांडी होती, आणि त्याला विचारल्याशिवाय कोणी हात लावत नव्हतं. मल्लम्मालाही जेबानं समजावलं की अव्वा, त्याला सुईचा धाक घालू नका. मी तर लाडानं म्हणत होते, असं म्हणून मल्लम्मा खजील झाली. मग तिनं धाक बदलला. आता ती म्हणे, खा, न्हाई तर आज सलाई मिळायची न्हाई. पोरगं भराभरा जेवू लागलं. शाळा उघडली त्या सकाळी शिवांश भांग पाडून, दप्तर पाठीला लावून आम्हाला दाखवायला आला, तेव्हा बेगमबीनं त्याच्या हातावर खडीसाखर ठेवली.

शाळा सुटल्यावर तो रोज यायचा. एके दिवशी त्यानं बेगमबीला विचारलं, तुम्ही खाली का बसत न्हाई? बेगमबीनं त्याला खालच्या आवाजात खरं सांगून टाकलं, की गुडघे दुखतात आणि सुईची भीती वाटते. तिला वाटलं, पोरगं हसेल. शिवांश हसला नाही. त्यानं मला घेतलं, साबणानं धुतलं, पुसलं आणि मुठीत धरून ऊब दिली.

"दादी, लावू का?" त्यानं विचारलं. "आधी सलाई, मग सुई. मी हाय ना."

बेगमबीनं बुधवार आहे असं म्हणायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. तिनं मान डोलावली, आणि जेबा सुयांचा डबा घेऊन शेजारी येऊन बसली. शिवांशनं मला तिच्या गुडघ्यावरून हळूहळू फिरवलं आणि तिला हनुवटी वर करून छताकडे बघायला सांगितलं. साऱ्या गल्लीला वर बघायला लावणारी बेगमबी मुकाट्यानं वर बघू लागली. तिनं शिवांशचं मनगट घट्ट धरलं होतं. तेच मनगट, जिथं त्याला पुन्हा पुन्हा टोचलं होतं. त्यानं ते सोडवून घेतलं नाही.

"आता टोचतीस का गं, जेबा?" बेगमबीनं छताकडे बघतच विचारलं.

"कवाच टोचली, दादी," शिवांश म्हणाला.

मित्रांनो, सुईवरचा माझा राग आता गेला आहे. लागते तिथं ती लागतेच. पण तुमच्या घरी कोणी लहानग्याला सुईचा धाक घालत असेल तर त्यांना माझी ही गोष्ट सांगा. जुन्या बोथट वस्तू टाकून देण्याआधी एकदा हातात घेऊन बघा. मला वापरून झालं की धुऊन कोरडं करा, आणि कृपा करून बटणांत ठेवू नका. आणि कोणाच्या अंगाला हात लावायचा असेल, मग ते पोर असो की म्हातारं, तर शिवांश विचारतो तसं आधी विचारा. बेगमबी आता पुन्हा जमिनीवर बसून नमाज पढते, तरीही तो रोज शाळेतून आला की मुठीत मला ऊब देत तिच्यासमोर बसतो आणि विचारतो, दादी, लावू का?