रिकामी पाकिटं

भाचीच्या लग्नात मांडवाच्या तोंडाशी आहेराची पेटी सांभाळायला मी बसले, तेही मोठ्या तोऱ्यात. पाहुणे हात जोडायचे, नाव लिहिलेलं पाकीट पेटीत सोडायचे आणि जेवायला जायचे. आमच्या कंबोडियातल्या बात्तंबांगला मांडवाचे नि आचाऱ्याचे पैसे याच पाकिटांतून फिटतात.

शेवटचे पाहुणे उठले आणि आचारी सारिनदादा दारात येऊन उभे राहिले. चांथूताईनं, माझ्या थोरल्या बहिणीनं, आतल्या खोलीत पेटी उघडली. पहिलं पाकीट रिकामं. दुसरंही. मग आम्ही दोघी फाडतच सुटलो. नावं सगळ्यांची, आत छदामही नाही! नोटा निघाल्या त्या चार म्हाताऱ्यांच्या पाकिटांत आणि माझ्या.

"कोलाप, पेटीपाशी आणखी कोण होतं गं?" ताईनं विचारलं.

"कोणी नाही. मीच."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बाई गं! माझ्या पायाखालची जमीनच सरकली. जिनं मला अंगाखांद्यावर खेळवलं, तिला मी चोर वाटावी?

"मालिस!" मी ओरडले. नवरी केसांतली फुलं काढत आली.

"अगं मावशी, पत्रिकेवर माझा क्यूआर कोड आहे ना! लोकांनी मोबाइलवरूनच पाठवले असतील."

"मला वाटलं, परगावचे तेवढे पाठवतील," ताई पुटपुटली.

"आणि ही पाकिटं कशाला मग?" मी कडाडले.

"पेटीसमोरून मोकळ्या हातानं कसं जायचं? लाज वाटते माणसांना," मालिस म्हणाली.

तिचा मोबाइल सकाळपासून मेकअपवालीच्या पिशवीत बंद पडून होता. तो सुरू केला मात्र, एकामागून एक आहेर दिसायला लागले. आचाऱ्याचं भागून वर उरतील इतके!

"ताई, मलाही मोबाइलवरच टाका," सारिनदादा दारातून म्हणाले. "माझा मासळीवालासुद्धा आता नोटा घेताना तोंड वाकडं करतो."

ताई हसली, रडली आणि माझ्या गळ्यात पडली.

"मी तुला काही म्हटलं का गं?"

"म्हणाली नाहीस. पण माझ्या पर्सकडे बघितलंस."

माझा जीव भांड्यात पडला होता, तरी हुंदका काही आवरेना. ताई पदरानं माझे डोळे पुसत राहिली. मीही पुसू दिले.