यमाची आडत

वांग्यांना पाणी सोडून बाबा ओट्यावर बसले आणि दंडारीच्या खेळातल्या यमाच्या मिशा लावून पाहू लागले. पूर्वी त्या काजळ फासलेल्या कापसाच्या असत. पण अमेरिकेत लढाई जुंपली, वऱ्हाडात कापूस सोन्याच्या मोलाचा झाला, आणि यमालाही बकरीच्या केसांवर भागवावं लागलं.

"वास येऊन राहिला," मी म्हणाले.

"येऊ दे. रेड्यावर बसते तो. त्याच्या आंगाले का केवड्याचा वास येईन?"

मी सासरहून परतले तेव्हा बाबांनी कारण विचारलं नाही. एका कीर्तनकाराला भाजी पुरवून त्याच्याकडून मला वाचायला शिकवलं. कापसाच्या नमुन्यांना गुंडाळून येणारी मुंबईची वर्तमानपत्रं मी वाचून दाखवायची आणि बाबा त्यातून दंडारीची पदं रचायचे. त्या दिवशीही तेच केलं. मग ते दोन भाकरी खाऊन, शेजारच्या बैलाला शिव्या देऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी त्यांना पटकी झाली. दिवस मावळायच्या आत घरात मिशा तेवढ्या उरल्या.

त्यांच्या खेळाचं नाव 'यमाची आडत'. अमरावतीच्या कापूसबाजारात यम दुकान मांडतो. माणसं आणतो, सरकी काढायचा रेचा फिरवतो, जीव निघाला की रुई म्हणून वर पाठवतो आणि देह सरकीसारखा नातलगांच्या अंगावर फेकतो. सगळे मिळून गातात:

रुई आमची, सरकी तुमची, जाळा नाही तं पुरा,
भाव चढला, मरा गड्यांनो, भाव पाहून मरा.

ज्यांच्यावर हे पद होतं तेच अडते सर्वांत जास्त हसायचे.

यम गिऱ्हाइकाला नावाने हाक मारतो. पहिल्या खेळात बाबांनी एका खऱ्या अडत्याचं नाव घेतलं, तर तो पागोटं टाकून मारायला धावला. जित्या माणसाचं नाव यमाच्या तोंडून घ्यायचं नसतं. तेव्हापासून बाबा स्वतःचंच नाव पुकारत. पडद्याआडून बाई उत्तर द्यायची, "घरी नाई. वांग्याले पानी द्याले गेले." यम म्हणायचा, "वांगे राहू दे, त्याले बोलाव." पडदा म्हणजे दोघांनी धरलेलं धोतर, आणि त्यामागची बाई मी. लोकांना वाटायचं, सेठाणीचं सोंग घेणारे नत्थुजीच आवाज बदलून बोलतात. नत्थुजी ती शाबासकी मुकाट्याने खिशात घालायचे.

बाबांनंतर आमच्या वलगावच्या बाया म्हणाल्या, "सोताचंच नाव पुकारे. आयकलं यमानं." भाजीवाले व्यापारी दारात येत, बाबांना विचारत. मी सांगायची, "घरी नाई." ते माझ्याकडे पाहत आणि निघून जात.

अकोल्याच्या शालिकराम अडत्याकडच्या खेळाची सुपारी बाबांनी आधीच घेतलेली होती. घेतलेली सुपारी परत करत नाहीत. आता यम नत्थुजींना व्हावं लागणार होतं.

"समदं करतो," नत्थुजी म्हणाले. "नाव मातर घेनार नाई."

"मंग तुमचं घ्या," ढोलकीवाला सूर्यभान म्हणाला.

"माह्या पोरीचं लगन हाये."

"लगन पोरीचं हाये. तुमचं काय काम हाये तिथं?"

"तुह्यं घेऊ का, सांग."

सूर्यभान ढोलकीची दोरी आवळू लागला. मग तिघंचौघं म्हणाले, ती हाकच काढून टाकू. हाक काढली तर खेळात बाबांचं काय उरणार होतं? पदं कोणीही गातं.

मी म्हणाले, "नत्थुकाका, बाबाचंच घ्या. त्याईले आता आनखी काय होनार हाये?"

कोणी हसलं नाही. बाबा हसले असते.

"अन् उत्तर?" नत्थुजींनी विचारलं.

"मी देतो ना," मी म्हणाले.

शालिकरामजींनी मशाली लावू दिल्या नाहीत, अंगणात कापसाच्या गंज्या होत्या. तेव्हा यमलोक भर दुपारी उघडला. नत्थुजींच्या अंगात सेठाणी इतकी मुरलेली, की यम रेड्यावरून उतरताना पदर सावरू लागला. अकोलेकर हसून एकमेकांच्या अंगावर पडले. गंजीवर चढून बसलेला एक म्हातारा म्हणाला, "हा नेत असन तं मी आजच येतो." रेचा फिरला, सरकी उडाली, मरायचं पद लोकांनी टाळ्या वाजवत म्हटलं. खेळ उभा राहिला होता.

मग नत्थुजींनी चोपडी उघडली. आवाज फाटला, पण त्यांनी पुकारलं, "पुंजाराम वलगावकर, हाजर हाये का?"

ढोलकी थांबली.

वाक्य माझ्या जिभेवर होतं. दारातल्या प्रत्येकाला मी त्यातले दोन शब्द दिलेच होते. आता तेच म्हणायचं होतं, आणि लोक हसणार होते, आणि यम वांगी राहू दे म्हणणार होता.

नत्थुजींनी पुन्हा पुकारलं. सूर्यभानने ढोलकीवर हळूच थाप दिली.

त्या म्हाताऱ्याने हा खेळ आधी कुठंतरी पाहिला असावा. गंजीवरून तो ओरडला, "अवं बाई, घरी नाई म्हन ना. वांग्यात गेले म्हन. काहून थांबली?"

हशा झाला. मी धोतर धरणाऱ्यांना ते खाली घ्यायला सांगितलं. ऊन डोळ्यांवर आलं. समोर नत्थुजी, ओठावर त्या बकरीच्या मिशा.

"मेले," मी म्हणाले. "माहे बाबा मेले."