चुकलेला डबा

किनुयोबाईंच्या घरी चहाचे दोन पत्र्याचे डबे होते आणि त्यांत चहा कधीच नसे. हिरव्या डब्यात शेवंती, तांबड्या डब्यात त्सुबाकी. दोन्ही फुलं परसातली, सावलीत सुकवलेली आणि पांढऱ्या पातळ कागदाच्या टिचभर पुड्यांत मिटलेली. शेवंती आजाऱ्यांसाठी, त्सुबाकी लग्न जमत नसलेल्या पोरींसाठी. कोणी ताईत मागायला आलं की बाई जुन्या किमोनोच्या बाहीचा तुकडा कापून इवलीशी पिशवी शिवायच्या, पुडी आत सरकवायच्या, वर रेशमी दोरीची दुहेरी गाठ मारायच्या आणि देवळात नेऊन पुजारीबुवांकडून मंत्रून आणायच्या. एकदा मिटलेली पुडी उघडायची नाही आणि शिवलेला ताईत तर मुळीच नाही. उघडला की त्यातला देव निघून जातो, हे मात्सुए गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

ठाऊक नसल्यासारखं वागायचे ते एकटे त्यांचे यजमान इवाओ. पन्नास वर्षं सरोवरातल्या शिंपल्या उपसलेला माणूस. चिखलाबाहेरचं काही खरं मानायचं नाही, असा त्यांचा बाणा होता.

"तुझ्या ताइतानं लग्न जमतं म्हणतेस," ते म्हणायचे, "मग मोडलं की भांडायला कुणाच्या दारात जायचं? देवाच्या की तुझ्या?"

"तुमचं टिकलंय ना? मग गप्प बसा आणि भात खा."

टिकलं होतं खरं, एकोणपन्नास वर्षं. परसातलं त्सुबाकीचं झाडही इवाओंनी लग्नाच्याच वर्षी लावलेलं, आणि त्यावर त्यांचा बायकोपेक्षा जास्त जीव आहे, असं बाई दिसेल त्याला सांगत असत.

फेब्रुवारीत इवाओंच्या हृदयाची झडप बदलायची ठरली. नंबर महिनाभरानं लागायचा होता, पण अचानक इस्पितळातून फोन आला: खाट रिकामी झालीय, उद्याच या. बाईंची तारांबळ उडाली. कपडे भरा, कागद शोधा, शेजारणीला मांजराचं सांगा. त्या धांदलीतच त्यांनी निळ्या कापडाचा ताईत शिवला आणि धावतपळत देवळात जाऊन मंत्रून आणला. इवाओंनी तो हातात घेतला, काहीतरी टोमणा मारतील म्हणून बाई वाट बघत राहिल्या, तर त्यांनी तो मुकाट्यानं बंडीच्या खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला इस्पितळात पोचवून त्या घरी आल्या आणि हाताला काम हवं म्हणून डबे पुसायला बसल्या. प्रत्येक डब्यात कायम सात पुड्या असायच्या, विषमच हव्यात म्हणून. हिरव्यात सात होत्या. तांबड्यात सहा.

त्यांनी पुन्हा मोजल्या. सहाच होत्या. म्हणजे त्या धांदलीत हात तांबड्या डब्यात गेला होता.

त्सुबाकीचं फूल पाकळी पाकळी झडत नाही. अख्खंच्या अख्खं गळतं, मान तुटल्यासारखं. म्हणून ते आजाऱ्याच्या आसपास कोणी नेत नाही, इस्पितळात तर त्याचं नावही काढत नाही. गल्लीतल्या नव्या सुनांना हे शिकवायचं काम किनुयोबाईंनीच स्वतःहून अंगावर घेतलं होतं. आणि आता त्यांच्याच हातची त्सुबाकी नवऱ्याच्या छातीवर होती, तीही उद्या अकरा वाजता जी छाती उघडायची तिच्यावर!

इकडे आड, तिकडे विहीर. पिशवी उघडून पाकळी काढावी, तर देव जाणार. तशीच ठेवावी, तर काय होईल ते मनातसुद्धा आणवेना. बदलणं एवढाच मार्ग होता. त्यांनी हिरव्या डब्यातली पुडी घेऊन नवा ताईत शिवला, सकाळी देऊळ उघडताच पुजारीबुवांना गाठलं आणि नऊची बस पकडली.

इवाओ खाटेवर पडून होते. शेजारच्या खाटेवर पलीकडच्या गल्लीतले हिराबायाशी, आणि त्यांच्या उशाशी बसून त्यांची बायको संत्रं सोलत होती. बाईंनी सगळ्यांना वाकून नमस्कार केला, नवा ताईत मुठीत घट्ट धरला आणि थेट मुद्द्यावर आल्या.

"अहो, तो ताईत द्या जरा इकडे. शिवण उसवलीय त्याची."

"कुठे उसवलीय? चांगली आहे."

"तुम्हाला काय कळतंय शिवणातलं? जन्मभर चिखल उपसलात. द्या म्हणते ना."

इवाओंनी खिशावर हात ठेवला आणि छताकडे बघत म्हणाले, "किनुयो, मी तो उघडला."

"काय केलंत?"

"ओरडू नकोस, लोक आजारी आहेत इथे. काल ती पांचट पेज आणून ठेवली समोर, घशाखाली उतरेना. एवढी वर्षं तुझ्या ताइतांची टिंगल केली आणि काल तोच मुठीत धरून बसलो होतो. म्हटलं, सगळ्या गल्लीला देते, मला काय दिलंय बघू तरी. वाटलं, शेवंती असणार. सगळ्या म्हाताऱ्यांना देतेस तीच." त्यांनी खिसा चाचपला. "तर माझ्या झाडाची पाकळी."

बाईंनी नव्या ताइताची मूठ मागे घेतली.

"लोक काय म्हणतील, अपशकुन होईल, कशाकशाची पर्वा केली नाहीस. आपलं लग्नाच्या वर्षीचं झाड म्हणून तेच दिलंस. मला भीती वाटत होती गं. तुला सांगितलं नाही, पण फार वाटत होती. ती पाकळी बघितली आणि गेली."

एकोणपन्नास वर्षांत या माणसाचे डोळे भरलेले बाईंनी पाहिले नव्हते. खरं काय ते अगदी जिभेवर आलं होतं.

शेजारी संत्रं सोलणारा हात थांबला. हिराबायाशींनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

"त्सुबाकी?" त्यांची बायको पुटपुटली. "किनुयोसान, तुम्ही? मुद्दाम घातलीत?"

इवाओ बायकोकडे बघत होते. चारचौघांत बक्षीस मिळालेल्या पोरासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

"हो, मुद्दामच," किनुयोबाई ताठ मानेनं म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याला काय द्यायचं ते मला चांगलं कळतं." मग त्यांनी इवाओंच्या खिशातली निळी पिशवी हातात घेतली. "आणि ही काय गाठ आहे? होडी बांधलीत का?"

त्यांनी ती सोडवून नीट दुहेरी गाठ मारली. एका मुठीत नवा ताईत असल्यानं दोनदा दोरी निसटली.

"दुसऱ्या मुठीत काय आहे?" इवाओंनी विचारलं.

"हा माझा आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही आत झोपून राहणार. बाहेर बसायचं आहे ते मला."

इवाओंनी नुसता बायकोचा हात धरला, आणि ढकलगाडी येईपर्यंत सोडला नाही.

बाहेरच्या बाकावर हिराबायाशीबाई आपणहून त्यांच्याशेजारी येऊन बसल्या. अर्धं संत्रं पुढे केलं.

"डबा चुकला ना?" हिराबायाशीबाई हळूच म्हणाल्या.

किनुयोबाईंनी मान वर केली नाही. "ह्यांना कळता कामा नये."

"माझ्या तोंडून नाही कळणार. खा ते संत्रं."

साडेतीन वाजता डॉक्टर बाहेर आले. झडप छान बसलीय, म्हणाले, महिन्याभरात शिंपल्यांचं सूप मागतील, फक्त मीठ कमी घाला. किनुयोबाई उठल्या आणि आभार मानायला कमरेतून वाकल्या. त्या इतक्या वाकल्या आणि अशा हुंदके देऊन रडू लागल्या, की हिराबायाशीबाईंना कंबरेत हात घालून त्यांना सरळ करावं लागलं.