कापलेले श्वास

मामा हे काही त्यांचं टोपणनाव नव्हतं. ते खरोखरच पट्ट्याचे सख्खे मामा होते. पण पट्टा एवढा मोठा झाला की रॅप करणारी यच्चयावत पोरं त्यांना मामा म्हणायला लागली, आणि ज्या माणसाला एकुलता एक भाचा होता त्याला बघता बघता दोनेकशे भाचे झाले. पट्टा हे मात्र टोपणनाव. लहानपणी पोरगं बोलायला लागलं की थांबायचं नाही, आणि त्याची आई, म्हणजे मामांची अक्का, कपाळाला हात लावून म्हणायची, "सुटला बघा याच्या तोंडाचा पट्टा." तेच नाव पुढे पोस्टरांवर चढलं.

मामांचा धंदा रेकॉर्डिंगचा. शिंप्याच्या दुकानामागची एक खोली, भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या, मध्ये एक काच आणि काचेपलीकडे कपाटाएवढ्या जागेत माइक. रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी भिंतीवर दोनदा ठोकायचं, म्हणजे शिंपी मशीन थांबवायचा. याच खोलीत एकोणीस वर्षांच्या पट्ट्याने आपला पहिला अल्बम केला. त्यातलं 'लिफ्ट बंद' हे गाणं त्याने एका दमात म्हटलं. एका दमात म्हणजे शब्दशः एका दमात. सुरुवातीला एक श्वास घेतला आणि सोळा ओळी संपेपर्यंत दुसरा घेतला नाही.

चार मजले, आठ वळणं, बहात्तर पायऱ्या, आई मोजते,
'लिफ्ट बंद'च्या कागदाखाली जुना कागद शोधते...

असं ते गाणं. गाणं संपलं तेव्हा मामांच्या लक्षात आलं की आपणही श्वास घ्यायचा विसरलो होतो. भिंतीपलीकडून शिंपी म्हणाला, "परत एकदा लाव रे." एरवी तो मशीन कधी सुरू करता येईल एवढंच विचारायचा.

तो अल्बम ऐकणारे मोजून चारशे असतील. दुसरा चाळीस हजारांनी ऐकला. तिसऱ्यापासून मोजायचं काम मामांचं राहिलं नाही, ते मॅनेजर करायला लागला. आणि गंमत बघा, ऐकणारे जसे वाढत गेले तशी गाणी आटत गेली. दुसऱ्या अल्बमात आई होती पण जिना नव्हता. तिसऱ्यात गाडी आली. चौथ्यात पट्ट्याने स्वतःचंच नाव चौऱ्याऐंशी वेळा घेतलं, मामांना ठाऊक, कारण प्रत्येक वेळी ते नीट ऐकू येतंय ना हे त्यांनाच तपासावं लागलं. ओळी आखूड होत गेल्या. दोन शब्द, मग थांबा. पुन्हा दोन शब्द, मग थांबा. लोकांना हा थांबाच आवडला. गल्लोगल्लीची पोरं तसंच म्हणायला लागली. ज्यांचे दम धडधाकट होते तीसुद्धा दोन शब्दांनी थांबायची.

मामांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं, "नाव मोठं झालं, पण लक्षण खोटं झालंय. आळशी झालास तू."

पट्टा हसला होता. "लोकांना आवडतंय ना, मामा?"

लोकांना आवडत होतं, म्हणून मामाही गप्प बसले. खरं तर त्यांना राग यायचा. भाच्याच्या आळसाचा आणि त्या आळसावर भरणाऱ्या मैदानांचा.

आता मामांच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. ओळ घट्ट यावी म्हणून दोन ओळींमधला श्वास कापून टाकायचा असतो. ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस थांबलाच नाही. दुसऱ्या अल्बमापासून मामा पट्ट्याचे श्वास कापत आले होते. आणि शिंप्याच्या शेजारात राहून लागलेली सवय म्हणा, चिंधी टाकून द्यायची नाही. एखादी जागा फारच कोरी वाटली तर तिथे ठिगळ म्हणून श्वास लावता येतो. म्हणून कापलेला प्रत्येक श्वास ते तारीख घालून एका फोल्डरमध्ये ठेवत. इतक्या वर्षांत हजाराच्या वर तुकडे जमले होते, आणि एकदा ठेवलेला तुकडा त्यांनी पुन्हा क्वचितच ऐकला होता.

पहिल्या अल्बमाला दहा वर्षं होणार होती. त्यानिमित्त मोठ्या मैदानात शो ठरला होता, भर दुपारी चारला. मामा त्यासाठी जुन्या फायली चाळत होते. चहाचा कप एका हातात, दुसऱ्या हाताने एक तुकडा निवडायला गेले आणि चुकून सगळं फोल्डरच सुरू झालं. बंद करायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला.

पहिले श्वास मोठे आणि स्वच्छ होते, पोहणारा पोरगा पाण्यातून डोकं वर काढतो तसे. मग ते थोडे लहान झाले. मग त्यांच्या तळाशी बारीक खरखर आली. मामांना आठवलं, त्या वर्षी त्यांनी माइक बदलला होता, खरखर माइकची आहे असं समजून. पुढे खरखर वाढली आणि श्वासांमधला जोर गेला. शेवटच्या वर्षाचे श्वास तर ऐकवेनात. पेल्यात सरबत उरलेलं नसताना माणूस नळीने ओढत राहतो, तसा आवाज होता तो. वीस मिनिटांत सगळं संपलं. चहावर साय धरली होती.

ज्या कानांवर मामांनी आयुष्यभर पोट भरलं, त्या कानांना हे ऐकू आलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आळस नव्हताच. पोराला दम पुरत नव्हता, आणि त्याचा एकूण एक पुरावा मामांनी स्वतःच्या हातांनी कापून, गुळगुळीत करून, लोकांपुढे ठेवला होता.

त्यांनी अक्काला फोन केला. ती अजून त्याच चौथ्या मजल्यावर राहत होती. लिफ्ट आता चालू होती, पण पट्टा आला की हट्टाने जिन्याने चढायचा.

"चढताना थांबतो का गं तो?" मामांनी विचारलं.

"थांबतो की. प्रत्येक वळणावर मोबाइल बघत उभा असतो," अक्का म्हणाली. "काय झालं?"

"काही नाही. सहज."

"सहज म्हणून तू मला कधी फोन केलाय?" अक्काने विचारलं. "हे बघ, तुझ्या जिवावर सोडलाय मी त्याला. एवढं लक्षात ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी पट्ट्याला खोलीवर बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि काही न सांगता फोल्डर लावलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला.

"हा कोण आहे?" त्याने विचारलं.

"तूच."

"कधीपासूनचं आहे?"

"दुसऱ्या अल्बमापासूनचं. जे कापलं ते सगळं."

मामांना वाटलं, आता तो घाबरेल, नाहीतर भांडेल. पण पट्ट्याचा चेहरा उजळला. गेल्या कित्येक वर्षांत मामांनी तो तसा पाहिला नव्हता.

"म्हणजे मी संपलो नव्हतो, मामा," तो म्हणाला. "मला वाटायचं, आपल्यातलं लिहिणंच आटलं. मोठी ओळ लिहायचो, म्हणायला जमायची नाही, मग फाडून टाकायचो. म्हटलं, जाऊ दे, आता आपल्याला येत नाही. आणि हे बघ, ओळ चांगलीच होती. फक्त दम नव्हता."

"अरे, दम नव्हता म्हणजे काय ते कळतंय का तुला? डॉक्टरकडे चल. आत्ता."

"शो झाला की जाऊ. नऊ दिवसांचा तर प्रश्न आहे. आता 'लिफ्ट बंद' मी एका दमात म्हणणार. मागे रेकॉर्डिंग न लावता. त्या पहिल्या चारशे लोकांना कळू दे."

मामांनी हात जोडले, शिव्या दिल्या, अक्काची शपथ घातली. परस्पर डॉक्टरांची वेळ घेतली, तर पट्टा तिकडे फिरकलाच नाही. इतकी वर्षं जो माणूस स्वतःला पोकळ समजत होता, त्याला आत काहीतरी आहे हे कळलं होतं. त्याला आता थांबवणार कोण? आणि हे त्याला कळवलं कुणी, तर मामांनीच.

शेवटी मामा मॅनेजरकडे गेले. मॅनेजरने शांतपणे ऐकून घेतलं. "शो रद्द होणार नाही," तो म्हणाला. "तुमच्याकडे त्याचा जुना आवाज आहे ना? तो तयार ठेवा. दम सुटला की तो वर घ्या. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मामांना हा माणूस कधीच आवडला नव्हता. तरी त्यांनी मान डोलावली. पोराला नुसतं तोंड हलवावं लागेल, बाकी आपण सांभाळू, असा त्यांचा हिशोब होता. पट्ट्याने विचारलं, "मागे काही लावणार नाहीस ना?" तेव्हा ते "नाही" म्हणाले. भाच्याशी ते आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलले.

शोच्या दिवशी ऊन कडक होतं. साठ हजार माणसं डोक्यावर रुमाल टाकून उभी होती. मैदानाच्या मधोमध तंबूत मामांचं टेबल होतं. टेबलावर नेहमीच्या पसाऱ्यात आवाज कमीजास्त करायच्या दोन सरकत्या पट्ट्या त्यांनी लाल टेपने वेगळ्या केल्या होत्या. डावी वर सरकवली की आजचा पट्टा, उजवी वर सरकवली की एकोणीस वर्षांचा. कानांवरच्या हेडफोनमध्ये मात्र त्यांनी फक्त आजचा माइक ठेवला होता.

पट्ट्याने डोळे मिटून एक श्वास घेतला. मामांना तो तळापर्यंत ऐकू आला. तळ फार वर आला होता.

पहिल्या चार ओळी खणखणीत गेल्या. लोक ओरडायचं विसरले. सातव्या ओळीला आवाज पातळ झाला. नवव्या ओळीच्या मध्यावर खरखर आली आणि मामांचे हात आपोआप चालले. डावी पट्टी खाली, उजवी वर. सांधा इतका सफाईदार की साठ हजारांत एकालाही पत्ता लागला नाही. मामांना क्षणभर, अगदी क्षणभर, आपल्या हाताचं कौतुक वाटलं.

पट्ट्याला मात्र कळलं. स्टेजवरच्या स्पीकरमधून त्याला स्वतःचाच कोवळा आवाज ऐकू आला. त्याने थेट मामांच्या तंबूकडे पाहिलं. आता त्याने नुसतं तोंड हलवायचं होतं. त्याने ते केलं नाही. तो त्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या मागे धावत सुटला. हेडफोनमध्ये दहावी ओळ अर्धी आली, अकराव्या ओळीतले तीन शब्द आले आणि बाराव्या ओळीला शब्दच नव्हते. तेराव्या ओळीला तो गुडघ्यांवर बसला. पुढच्या रांगा त्याच्यासारख्या गुडघ्यांवर बसल्या. लोकांना वाटलं, शोचाच भाग आहे. चौदाव्या ओळीला तो कुशीवर कलंडला आणि मैदान आनंदाने वेडं झालं. स्पीकरमधून एकोणीस वर्षांचा पोरगा न थांबता बहात्तर पायऱ्या चढत होता.

मॅनेजरचा आवाज तंबूतल्या वॉकीटॉकीवर आला. "भारी चाललंय. थांबवू नका."

मामांनी उजवी पट्टी खाली ओढली आणि डावी पार टोकापर्यंत वर नेली.

गाणं मध्येच तुटलं. आणि इतकी वर्षं जे कुणाला ऐकू दिलं नव्हतं, ते सगळ्या मैदानाला ऐकू आलं. पडलेल्या माइकजवळ एक श्वास आत गेला, ओला, खरखरीत, लहान. पहिल्या रांगेतली माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी स्टेजकडे धावलं, मग आणखी दोघं धावले. मागच्यांच्या वर गेलेल्या हातांतले मोबाइल हळूहळू खाली आले. दुसरा श्वास आला. तो पहिल्यापेक्षा आखूड होता. साठ हजार माणसांचं मैदान इतकं चिडीचूप झालं की दोरीला लावलेली पताकांची कापडं हलताना ऐकू येत होती.

मामा टेबल सोडून धावायला उठले आणि तसेच थांबले. पट्टी वरच हवी होती, नाहीतर लोक पुन्हा ओरडायला लागले असते. त्यांनी ती दोन्ही हातांनी वर धरून ठेवली. 'लिफ्ट बंद'मध्ये दोन श्वासांमध्ये सोळा ओळी मावायच्या, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ते मनात ओळी मोजायला लागले. एक. दोन. तीन. सगळं मैदान त्यांच्याबरोबर पुढच्या श्वासाची वाट बघत उभं होतं.