आठ अक्षरांपुरतं नाव

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. अर्जुनी मोरगावात योगराजच्या टायपिंगच्या दुकानात माझी उमर गेली. मला फ्लॉपीच्या दोन फटी आहेत. वरची ए, खालची बी. योगराज लोकांचे अर्ज टाइप करी आणि सवडीनं मंडई नावाच्या गावजत्रेसाठी नाटक लिही.

नाटक मराठीत, पण फाइलचं नाव इंग्रजी आठ अक्षरांतच बसवावं लागे. तेव्हाची रीतच तशी. पत्नी जमुनावरून त्यानं लिहिलं 'जमुनाबाईचा संसार'. माझ्यात मावलं फक्त JAMUNABA, म्हणजे 'जमुनाबा'.

"मले बाबा करून टाकलं काय?" जमुना म्हणाली, आणि दोघं हसत राहिले.

योगराज गेला. मुलगी प्रेरणानं लॅपटॉप आणला. तो कितीही लांब नाव घेई, तेही मराठीत. "हा माझं पुरं नाव घेते," जमुना कौतुकानं म्हणाली. मी हेव्यानं जळू लागलो. वीज गेली की मी वाक्य अर्धं टाकून विझे. तो मात्र चालूच. प्रेरणा त्याला मऊ फडक्यानं पुसे. माझ्यावर पोती ठेवली होती. तो बिघडावा असं मला रोज वाटे.

यंदा मंडईसाठी गावच्या नाटक मंडळानं योगराजचं तेच नाटक मागितलं. हस्तलिखित वाळवीनं खाल्लेलं. फ्लॉपी होती, पण लॅपटॉपला फटच नव्हती.

"जुन्यालेच लावून पाह," जमुना म्हणाली.

मी सुरू झालो. पडदा थरथरत होता. प्रेरणा माझ्यावर वाचून लॅपटॉपवर टाइप करू लागली. माझा घास त्याच्या ताटात जाताना मला सोसवेना. पण जमुना नवऱ्याची वाक्यं पुटपुटत होती, म्हणून शेवटच्या प्रवेशापर्यंत मी तग धरला.

"याच्या डिस्कले सी काऊन म्हणतेत?" जमुनानं लॅपटॉपकडे बोट केलं.

"ए अन् बी जुन्या फ्लॉपीची नावं होती, आई. ती जागा अजून सोडून ठेवली आहे."

त्या गर्विष्ठानं माझ्या दोन जागा राखल्या होत्या, आणि मला पत्ताच नव्हता.

नाटक झालं. टाळ्या इथवर ऐकू आल्या. मी पुन्हा सुरू झालो नाही. हेवा गेला म्हणू? नाही गेला. पण मित्रांनो, जुनं यंत्र भंगारात देण्याआधी एकदा लावून पाहा. आत कुणाचं बोलणं असेल, तर ते आधी नव्याच्या हवाली करा. नव्याचा कितीही राग आला तरी.