आईच्या हातचा घोट

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती, आणि आलेल्या बहुतेक आयाच. कुणाचा मुलगा पावडरीच्या नादी लागलेला, कुणाची मुलगी. व्यासपीठावर गोडबाबा हात उंचावून सांगत होते, "नशा हा राक्षस आहे, माउल्यांनो! तो पोलिसाला भीत नाही, डॉक्टरला भीत नाही. भितो फक्त आईच्या हाताला! माझं अमृत आईनंच पाजायचं, सकाळ-संध्याकाळ एक घोट. आणि खंड पडला तर राक्षस दुप्पट जोरानं परतेल!"

राक्षसही मोठा शिस्तीचा. बाटली संपली की हजर!

पहिल्या रांगेत एक शिलाईवाली डोळे पुसत होती. घरातली भांडी विकून नशा करणारी तिची पोरगी तीन महिने मुकाट घरी झोपत होती. चमत्कार नाही तर काय? कारखान्यात काज-बटणं करून पाठ धरायची, म्हणून तीही दोन्ही वेळा घोटभर घ्यायची. पोरीला चालतं, तर मला काय धाड भरलीय! पाठदुखी पळालीच.

मग बाबा परगावी गेले आणि बाटलीत जेमतेम तळ उरला. लेकीला जांभया, गळणारं नाक, अंगावर काटा सुरू झाला. ही लक्षणं आईला तोंडपाठ होती. पण दुसऱ्या दिवशी काज करताना तिलाही जांभयांवर जांभया आल्या, नाक वाहू लागलं, हात थरथरून सुई बोटात घुसली. राक्षस लेकीचा, मग माझ्या अंगात कसा? उरलेला घोट न पिता ती बाटलीसकट सरकारी दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली. "तुम्ही नशा करता?"

"अहो, मला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही!"

चार दिवसांनी बाटलीचाही अहवाल आला. अमृत म्हणजे साखरेच्या पाकात कुटून घातलेल्या अफूच्या जातीच्या गोळ्या. मुलीची नशा सुटलीच नव्हती. ती फक्त घरपोच मिळत होती.

घरी येऊन तिनं लेकीला सांगितलं. लेकीनं मान वर केली नाही.

"पहिल्याच घोटाला कळलं होतं मला."

"आणि मी पीत होते, ते दिसत नव्हतं?"

"दिसत होतं. सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस ना."

बाबानं फसवलं, त्याचा धंदाच तो. पण पोटची पोर रोज समोर बसून बघत राहिली! आईला रडूही येईना. संतापानं दातओठ खात होती ती. तरी दुसऱ्या दिवशी लेकीचा दंड धरून तिनं दोघींचे केसपेपर काढले.

पुढच्या सभेत बाबा तोंड उघडायच्या आत ती उठली. अहवाल मोठ्यानं वाचला. बाबा ओरडले, "हिची श्रद्धा कमी पडली!"

"श्रद्धा कमी पडली नाही, अक्कल गहाण पडली होती," ती म्हणाली.

मागून एक आई कळवळली, "अगं, पण माझा मुलगा शांत झोपतो गं!"

"माझीही झोपत होती. मीच झोपवत होते. बायांनो, माझ्यावरही विश्वास ठेवू नका. बाटली तपासून घ्या. औषध एकदम तोडू नका, डॉक्टरांना विचारा. दवाखाना नऊला उघडतो. मी तिथं असेन, मलाही माझी नशा सोडवायची आहे."